चौदा ॲप आणि सहा चिंचोके

हे प्रकरण औसा तालुक्यातल्या एका गावातलं आहे. १९९३च्या भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव. रस्ते रुंद, घरं रांगेत, आणि प्रत्येक घरापुढे कुणी पत्रे टाकून तर कुणी शेडनेट बांधून आपापल्यापुरती ओसरी करून घेतलेली. मी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, पहिली ते तिसरी माझ्याकडे असतात. घरच्यांना विचारूनच लिहितेय, तरी नावं देत नाही. मुलाला घरात सोन्या म्हणतात. एवढं लिहिलं तर चालेल, असं त्याच्या आज्जीनं सांगितलं.

घरची पाच एकर कोरडवाहू जमीन. सोयाबीन आणि तूर, पाणी पुरलं तर हरभरा. घरात आई-वडील, आज्जी, सोन्या आणि त्याची मोठी बहीण. बहीण तेव्हा माझ्याकडेच तिसरीत होती. काका चाकणला कंपनीत. २०२३च्या दिवाळीला काका टॅब घेऊन आला. 'लेकरं शिकतील' म्हणून आणला आणि तिथंच बसून त्यात शिकण्याची ॲप भरून दिली. दिवाळीनंतर तुरीची काढणी, मग हरभरा. आई आणि आज्जी दोघी रानात. सोन्या अंगणवाडीतून दुपारी घरी यायचा आणि दिवेलागणीपर्यंत टॅब त्याच्याकडे असायचा. रोज तीन-चार तास सहज. यात कुणाला दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. रानात विंचू-काट्यात लेकरू फिरवण्यापेक्षा ते घरात एका जागी बसलेलं बरं, हा आज्जीचा हिशोब चुकीचा नव्हता.

मेळाव्यातली गोष्ट

एप्रिल २०२४मध्ये शाळेत 'पहिले पाऊल'चा मेळावा होता. जूनमध्ये पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी आपण टेबलं मांडतो, उड्या, रंग, गोष्ट, मोजणी, आणि कुणाला काय येतं त्याचं विकासपत्र भरतो, तोच. सोन्या सजून आला होता, कपाळाला गंध लावून. मोजणीच्या टेबलावर मी ताटात चिंचोके ठेवले होते. 'मोजता येतं का रे?' म्हटलं तर त्यानं वन-टूपासून हंड्रेडपर्यंत एका दमात म्हणून दाखवलं. मधे एका चालीत थांबायचा, पुन्हा चाल धरायचा. टॅबमधलं गाणंच ते. जमलेल्या आयांनी टाळ्या वाजवल्या. अंगणवाडीताई म्हणाल्या, "मॅडम, याला टॅबवर सगळं येतंय."

मी म्हटलं, "मला सहा चिंचोके दे बरं."

त्यानं मूठभर उचलले, माझ्या हातावर ठेवले आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मी काही बोलले नाही. त्यानं थोडे परत घेतले. पुन्हा तोंडाकडे बघितलं. मी गप्प. मग त्यानं दोन टाकले, चार काढले, असं चाललं होतं. हातावरच्या चिंचोक्यांकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो माझ्या चेहऱ्यात काहीतरी शोधत होता. 'सिक्स' म्हणजे किती, हे विचारल्यावर त्यानं 'फाइव्हच्या नंतर' असं उत्तर दिलं, आणि तेही बरोबरच होतं.

पुढच्या टेबलावर बटाटा, कांदा, वांगं आणि खेळण्यातला ट्रॅक्टर. 'यात वेगळं काय?' त्यानं चारहींवर बोट ठेवलं, एकापाठोपाठ एक, झपझप. प्रत्येक वेळी माझ्याकडे एक नजर. ट्रॅक्टरवर बोट गेलं तेव्हा माझ्या भुवया हलल्या असाव्यात. तो तिथंच थांबला आणि हसला.

खरं सांगायचं तर मला आधी वेगळीच शंका आली. ऐकू कमी येतं का, समजायला वेळ लागतो का. विकासपत्रावर पेन्सिलीनं तसं टिपूनही ठेवलं. संध्याकाळी त्यांच्या घरी गेले तेव्हा सोन्या ओसरीवर टॅब घेऊन बसला होता. पडद्यावर चार फुगे, आणि बाई इंग्रजीत सांगतेय, सहाचा फुगा फोड. त्यानं चारही फुग्यांवर धडाधड बोट मारलं. चुकीच्या फुग्यातून नुसता 'फुस्स' असा गमतीचा आवाज. सहाच्या फुग्याला 'टिंग', चांदण्यांचा पाऊस, आणि पुढचा डाव. चारदा बोट मारून मिळालेल्या चांदण्या आणि एकदाच विचार करून मिळालेल्या चांदण्या, दोन्ही सारख्याच.

विकासपत्रावरचं पेन्सिलीचं मी त्याच रात्री खोडलं. पोराच्या डोक्यात काही कमी नव्हतं. त्या खेळानं जे शिकवलं ते तो पक्कं शिकला होता: सगळीकडे बोट लावत जायचं, टिंग वाजली की थांबायचं. मेळाव्यात तो माझ्या चेहऱ्यावर टिंगच शोधत होता.

यादी कुणाची

दोन दिवसांनी काकाला फोन लावला. ॲप कशी निवडली असं विचारल्यावर तो म्हणाला, "मॅडम, तुम्हीच टाकली होती की यादी ग्रुपवर." मला आठवेना. मग जुना ग्रुप उघडून बघितला. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये शाळा बंद होत्या, वरून रोज काहीतरी पाठवा असा तगादा, आणि मी दुसऱ्या कुठल्याशा ग्रुपवरून आलेली 'लहान मुलांसाठी उपयुक्त शैक्षणिक ॲप' ही यादी जशीच्या तशी पुढं ढकलली होती. एकही उघडून बघितलं नव्हतं. काकाच्या वहिनीनं, म्हणजे सोन्याच्या आईनं, ती यादी जपून ठेवली होती. टॅबमधल्या चौदापैकी पाच ॲप त्या यादीतली होती.

बाकीची काकानं ॲपच्या दुकानात, प्ले स्टोअरवर, 'किड्स लर्निंग' असं टाकून वरवरची घेतलेली. चार-साडेचार चांदण्या, लाखोंनी उतरवलेली. पण त्या चांदण्या देणारी माणसं म्हणजे ज्यांचं लेकरू गप्प बसलं ते आई-बाप. ते खोटं बोलत नाहीत. ते फक्त गप्प बसण्याला गुण देतात.

ओसरीवरची चाळणी

पुढच्या रविवारी दुपारी मी, सोन्याची आई, आज्जी आणि बहीण अशा चौघी टॅब घेऊन बसलो. सोन्याला लिंबाखाली धाडलं. माझ्याकडे काही तयार तक्ता नव्हता. जे सुचलं ते करत गेलो, त्यामुळे पुढचं सगळं शास्त्रशुद्ध आहे असा माझा दावा नाही.

पहिल्यांदा टॅब फ्लाइट मोडवर टाकला. कारण अगदी साधं होतं. वडिलांच्या फोनच्या हॉटस्पॉटवर टॅब चालायचा आणि त्यांचा रोजचा दीड जीबीचा पॅक दुपारीच संपत होता. अक्षरं शिकवायला एवढा डेटा कशाला लागतो, हा त्यांचाच प्रश्न होता आणि रास्त होता. नेट बंद केल्यावर चार ॲप उघडलीच नाहीत. तीन उघडली, पण दोन-तीन चित्रं सोडून बाकी सगळ्याला कुलूप, कुलपावर बोट ठेवलं की वर्षाची वर्गणी मागणारी पाटी. उरलेल्या सातांतून जाहिराती मात्र गायब. आई म्हणाली, "अगोबाई, हे तर लवकर संपलालंय." आधी प्रत्येक डावानंतर जाहिरात यायची आणि ती बंद करायची फुली इतकी बारीक, की सोन्याचं बोट हमखास जाहिरातीवरच पडायचं. रमीची जाहिरात त्याला तोंडपाठ होती. पाच वर्षांचं लेकरू!

हे आपल्याच टॅबपुरतं नाही. २०१८मध्ये अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या १३५ ॲपांची तपासणी केली होती, त्यातल्या ९५ टक्क्यांत कसली ना कसली जाहिरातबाजी सापडली. खेळातलं आवडतं पात्रच 'हे विकत घे' म्हणून गळ घालतं, असेही प्रकार त्यात होते. ॲप उतरवायच्या पानावर नावाखाली बारीक अक्षरात जाहिराती आहेत आणि आत खरेदी आहे, हे लिहिलेलं असतं. चौदापैकी बहुतेकांवर ते लिहिलेलं होतं. मीही कधी वाचलं नव्हतं.

फ्लाइट मोडची चाळणी ओबडधोबड आहे, हे मान्य. गोष्टी वाचून दाखवणारं एखादं चांगलं ॲपही नेटवरून गोष्ट आणतं आणि यात गळून जातं. पण आमच्या गावात धड रेंज पाण्याच्या टाकीपाशीच मिळते. जे नेटशिवाय चालत नाही ते इथं तसंही अर्धा दिवस चालणार नव्हतं.

मग परवानग्या बघितल्या. सेटिंगमध्ये जाऊन एकेक ॲप उघडलं. रंग भरायच्या ॲपला मायक्रोफोन कशाला हवा? ए-बी-सी-डीच्या ॲपला टॅब कुठं आहे ते कशाला कळायला हवं? २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची पडताळून घेतलेली संमती लागेल आणि मुलांना हेरून जाहिराती दाखवता येणार नाहीत, असं कलम आहे. चांगलं आहे. पण इथं 'मान्य'चं बटण दाबलं होतं सोन्यानं, कारण ते हिरवं होतं.

ळ कुठाय?

दुसरी चाळणी माझ्या डोक्यात नव्हती, ती सोन्याच्या बहिणीनं काढली. उरलेल्या सातांपैकी तीन ॲप 'मराठी' म्हणवणारी होती. ती एक उघडून बघत होती आणि ओरडली, "मॅडम, यात बाळातला ळ नाहीच!" खरंच नव्हता. क-ख-ग पासून ज्ञ पर्यंत सगळं होतं, ळ नव्हता. क कबूतराचा होता. ख खरगोशाचा. आज्जी म्हणाली, "ससा म्हन की, खरगोश कामून म्हनूलालाव?" आमच्या भागात निजामाच्या काळापासून हिंदी-दखनी कानावर असते, त्यामुळे आज्जीला शब्द कळला होता. तिची हरकत शब्दाला नव्हती, पोराच्या आज्जीच्या भाषेतला ससा पळवून नेण्याला होती.

म्हणजे हिंदी वर्णमालेवर मराठी पाटी लावलेली. शाळा, फळा, खेळ, केळं, आभाळ, बाळ, पोळी. ळ काढला तर पहिलीच्या पोराच्या जगातलं उरतं काय? आणि 'क कमळाचा' म्हणायचं तरी ळ लागतोच. दुसऱ्या ॲपमध्ये ळ होता पण त्याला उच्चार 'ल'चाच, आणि ज्ञ म्हणताना बाई 'ग्य' म्हणत होती. दोन्ही काढली.

तिसऱ्यात ळ ठीक होता. अक्षर बोटानं गिरवायचं ॲप. ल मात्र हिंदी वळणाचा होता. मराठीत ल आणि श ही अक्षरं कोणत्या वळणानं काढायची ते राज्य शासनानं २००९ साली निर्णय काढून ठरवून दिलंय, पाठ्यपुस्तकंही तशीच येतात. ॲप बनवणाऱ्यानं फक्त हाताशी असलेला फॉन्ट वापरला असणार. पहिलीतल्या पोरासाठी मात्र पुस्तकातला ल आणि टॅबमधला ल ही दोन वेगळी अक्षरं होतात. तरी हे ॲप आम्ही तूर्त ठेवलं. त्याला दुसरंही कारण होतं, आई म्हणाली निदान एक तरी मराठी राहू द्या.

चुकीचं दाबलं की काय होतं?

आता पाच उरली होती. इथं मी सोन्याला परत बोलावलं, पण टॅब त्याच्याकडे दिला नाही. मी स्वतः मुद्दाम चुकत गेले आणि तो बघत बसला. दोन ॲपांत तेच: सगळीकडे बोट लावा, कधीतरी टिंग. चुकीचं दाबल्यावर काय होतं, यावर त्या दोन्हींकडे काहीच नव्हतं. ना ते थांबायचं, ना प्रश्न सोपा व्हायचा, ना चूक कुठं झाली ते दाखवायचं. ती गेली.

उरली तीन. ते गिरवायचं ॲप, एक कोरी पाटी जिच्यावर बोटानं काहीही काढता येतं, आणि चित्राचे तुकडे जोडायचं एक. तुकडा चुकीच्या जागी बसत नाही आणि बसत नाही म्हणून मागं सरकतो, बाकी आवाज नाही, चांदण्या नाहीत. ते बघून आज्जी म्हणाली, "हे जरा डोक्याचं हाय." तिनं कधी ॲप बघितलेलं नव्हतं.

मुलांच्या शिकण्यावर काम करणाऱ्या काही अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २०१५मध्ये चार गोष्टी सांगितल्या होत्या. ॲप शिकवतं म्हणायचं असेल तर मुलाचं डोकं चालू हवं, नुसतं बोट नव्हे. लक्ष एका जागी टिकायला हवं. समोर येतं त्याचा त्याच्या जगण्याशी संबंध हवा. आणि शेजारी कुणीतरी माणूस हवं. २०२१मध्ये याच चार कसोट्या लावून १२४ गाजलेली ॲप तपासली, तर निम्म्याहून जास्त, ५८ टक्के, खालच्या गटात गेली. मला हे नंतर वाचायला मिळालं. वाचल्यावर बरं वाटलं, कारण आमच्या चौदापैकी अकरा गेली तेव्हा आपण फार कडक झालो की काय, असं मला वाटत होतं.

बापाचं म्हणणं

संध्याकाळी वडील आले. टॅब बघून तोंड पडलं. "मॅडम, सगळी इंग्रजीची काढली? लातूरला टाकायचंय त्याला पुढं." आमच्याकडे पोरगं चालायला लागलं की लातूर डोळ्यासमोर येतं. लातूर पॅटर्ननं किती घरं वर आली ते मी बघितलंय, त्यामुळे मी त्यांना हसले नाही. 'इंग्रजी नंतर येईल' हे वाक्य मी तोंडावर आणून गिळलं. ते खरं असेलही, पण ज्याला आयुष्यभर फॉर्म भरायला दुसऱ्याचे पाय धरावे लागले त्याला ते सांगायचा मला अधिकार नाही.

तोडगा असा निघाला: इंग्रजीचं एकच नव्यानं टाकायचं, खान अकॅडमी किड्स. ना-नफा संस्थेचं, फुकट, जाहिराती नाहीत, आत विकत घ्यायचं काही नाही, दोन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी. पुस्तकं आणि खेळ आधी उतरवून ठेवले की नेट नसतानाही बराच भाग चालतो. त्यातलं जग अमेरिकेचं आहे, सोन्याला अजूनही कळत नाही की ते अस्वल पॅनकेक म्हणून काय खातं. धपाटं असेल, असं बहिणीनं त्याला सांगून टाकलंय.

मराठीसाठी मी प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वरच्या गोष्टी उतरवून दिल्या. २०१५पासून चालू आहे, मराठीत भरपूर गोष्टी, पायऱ्यांप्रमाणे लावलेल्या, आणि परवाना खुला असल्यामुळे छापून घ्यायलाही बंदी नाही. पहिल्या पायरीच्या दहा गोष्टी मी शाळेच्या प्रिंटरवर काढून पिन मारून दिल्या. जी गोष्ट टॅबवर ऐकली ती मग कागदावर बघायची, एवढीच योजना.

आज्जीचं खातं

माझी सगळ्यात मोठी अडचण होती शेजारी बसायला माणूस कोण. आई रानात. बहीण शाळेत, नंतर अभ्यास. उरली आज्जी, आणि आज्जीला वाचता येत नाही. तिला वाटायचं, आपल्याला अक्षर येत नाही तर आपण काय शिकवणार. मी तिला एकच काम दिलं. गोष्ट चालू असताना मधेच टॅब उलटा ठेवायचा आणि विचारायचं, "मंग काय झालं आसंल?"

पहिले चार दिवस सोन्यानं टॅब ओढला, रडला. पाचव्या दिवशी म्हणाला, "माकड पळून गेलं आसंल." गोष्टीत माकड पळून गेलं नव्हतं. आज्जीनं त्याचंच खरं धरलं आणि ते माकड कुठं गेलं यावर दोघांचं अर्धा तास चाललं. टॅब उलटाच राहिला.

मोजणीसाठी आम्ही एकही ॲप ठेवलं नाही, ते आज्जीकडे गेलं. एकी-बेकी. मुठीत चिंचोके घ्यायचे, समोरच्यानं एकी का बेकी ओळखायचं, मूठ उघडून दोन-दोनच्या जोड्या लावायच्या. चुकला तर मुठीत होते तितके चिंचोके आपल्यातले द्यायचे. आता इथं 'सहा' म्हणजे किती हे न कळून चालत नाही. जास्त दिले तर आपलेच जातात, कमी दिले तर आज्जी सोडत नाही. चेहरा बघून उपयोग नाही, कारण आज्जी मुद्दाम खोटा चेहरा करते. पंधरा दिवसांत सोन्या सहा सोडा, अकरापर्यंत न चुकता चिंचोके मोजून द्यायला लागला, वर "आज्जी, तू एक ढापलीस" म्हणायलाही.

वेळेचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना २०१९पासून सांगते की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त पडदा नको, आणि जितका कमी तितकं बरं. आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही पाच वर्षांपर्यंत तासाचीच मर्यादा सांगते, दोन वर्षांखाली तर नातेवाइकांच्या अधूनमधूनच्या व्हिडिओ कॉलपलीकडे काहीच नको म्हणते. आम्ही वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका ठरवल्या. पाळल्या गेल्या का? पेरणीच्या आठवड्यात अजिबात नाही. इतर दिवशी बऱ्यापैकी. टॅबमध्ये ॲप पिन करायची सोय असते, म्हणजे जे उघडलंय त्यातून पिन टाकल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. ती चालू करून दिली. सोन्याला पिन कळायला नऊ दिवस लागले.

वाचून घेणारं ॲप

बहिणीसाठी एक वेगळंच प्रकरण झालं. त्याच टॅबवर मी तिला एक वाचून घेणारं ॲप टाकून दिलं होतं. मूल मोठ्यानं वाचतं, ॲप ऐकतं आणि चुकलेला शब्द दाखवतं. कल्पना उत्तम. पण ही वाचायची 'पानी' आणि ॲप म्हणायचं पुन्हा वाच. पुस्तकात 'आहे' असलं की ती 'हाय' म्हणायची, 'आणि'ला 'आन्'. दरवेळी पुन्हा वाच. वर्गात मीही ण दुरुस्त करते, पण मी आधी ऐकते की तिला वाक्य कळलं का, आणि कळलं असेल तर ण दुपारी बघू म्हणते. ॲपला दुपार नसते.

दोन आठवड्यांत ती टॅबशी वेगळं बोलायला लागली. घासून-पुसून, प्रत्येक ण ठोकून. सोन्यानं ते उचललं. एक दिवस जेवायला बसल्यावर म्हणाला, "आज्जी, मला पाणी दे." आज्जीनं तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "आरं, पुन्यावानी बोलूलालास की." सगळे हसले आणि तो एवढा ओशाळला की दोन दिवस आज्जीशी बोललाच नाही.

मी यात अजून पक्कं काही ठरवू शकलेले नाही. बहिणीचं वाचन खरंच सुधारलं, तिची अडखळण कमी झाली, हे नाकारता येत नाही. म्हणून तिच्यासाठी दहा मिनिटं ठेवलं, तेही आत खोलीत. सोन्यासाठी नको म्हटलं. पहिलीत येणाऱ्या पोराला आपल्या घरची बोली चुकीची आहे असं सगळ्यात आधी एका यंत्राकडून कळावं, हे मला पटत नाही.

जूननंतर

१५ जूनला सोन्या पहिलीत आला. मेळाव्याच्या दुसऱ्या फेरीत त्याला पुन्हा चिंचोके दिले. 'आठ दे' म्हटलं, त्यानं मान खाली घालून मोजले, हातावर ठेवले आणि थेट पुढच्या टेबलाकडे निघाला, माझ्याकडे न बघता. वेगळं ओळखायच्या टेबलावर मात्र तो अजून दोनदा बोट हलवतो. ती सवय तुटायला वेळ लागेल. इंग्रजी अंक त्याला अजून चालीतच येतात. मराठी अंक शाळेत दोन्ही पद्धतींनी येतात, वीस एक आणि एकवीस, त्यात तो गोंधळतो, पण त्याच्या वर्गातले सगळेच गोंधळतात.

ते गिरवायचं ॲप आम्ही जुलैत काढलं. बोट कुठूनही फिरवलं तरी ते चालवून घ्यायचं, खालून वर, उलटं, कसंही, आणि पाटीवर पेन्सिल धरली की पोराचा हात अडायचा. आईनं स्वतःच काढलं, मला नंतर सांगितलं.

शाळेच्या ग्रुपवर ती २०२०ची यादी मी रद्द केली आणि तसं लिहिलंही. नवी यादी द्या म्हणून सात-आठ पालकांचे निरोप आले. दिली नाही. त्याऐवजी महिन्यातून एका शनिवारी ज्यांना हवं त्यांनी आपला फोन घेऊन माता गटात बसावं असं ठरवलं. पहिल्या शनिवारी तिघी आल्या, दुसऱ्या शनिवारी सोयाबीनची कोळपणी होती, कुणीच नाही. तिसऱ्या शनिवारी अकरा, त्यातल्या दोघी केवळ रमीची जाहिरात कशी बंद करायची ते विचारायला.

२०२४च्या दिवाळीला काका परत आला. येताना त्यानं चार नवी ॲप टॅबमध्ये टाकली, या वेळी माझी यादी नव्हती. त्यानं टॅब सोन्याच्या हातात द्यायच्या आधीच बहिणीनं तो घेतला, नेट बंद केलं, आणि 'मराठी' लिहिलेलं ॲप उघडून वर्णमालेच्या शेवटाकडे सरकवत गेली. ळ सापडला. मग तिनं मुद्दाम चुकीचं उत्तर दाबलं आणि कान देऊन ऐकलं. चारपैकी दोन ठेवली, दोन काढली. ठेवलेल्यांपैकी एकात प्रत्येक पानाच्या शेवटी नाचणारा हत्ती आहे, तो मला खटकतो. ती म्हणते, हत्ती चांगला आहे. आमचं यावर अजून जमलेलं नाही.